आमच्या वस्तीचं नाव बदललं, त्याला दोन वर्षं लागली

पुण्यात रूम शोधत होते तेव्हापासून सांगते. २०२२ चा एप्रिल. एका ठिकाणी सगळं ठरलं होतं, डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येतं, गाडी कुठं लावायची, काकू तर चहा पिऊन जा म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाडेकराराला आधारचा फोटो मागितला, मी पाठवला, आणि दहा-पंधरा मिनिटांत मेसेज आला की भाच्याला रूम लागणार आहे, सॉरी बेटा. आता भाचा खरंच असेल, मी काही सिद्ध करू शकत नाही. पण आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून कुणाला काही कळत नाही, आणि आधारवर पत्ता होता "महारवाडा, मुक्काम पोस्ट अमुक, जिल्हा बीड". त्या रात्री मी तो फोटो मोठा करून करून बघत बसले. शाळेच्या दाखल्यावर तेच, रेशन कार्डावर तेच, लाइट बिलावर तेच, पार्सल आलं की डिलिव्हरीवाला मुलगा फोनवर तेच मोठ्यानं वाचणार आणि ऑफिसातली शेजारची मुलगी ऐकणार.

रूममेट एमपीएससीचा अभ्यास करायची. ती म्हणाली अगं याच्यावर जीआर निघालाय, आमच्या चालू घडामोडींच्या नोट्समध्ये आहे. मला खरंच माहीत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि ११ डिसेंबर २०२० ला सामाजिक न्याय विभागाचा शासन निर्णय निघाला, की राज्यातल्या गावांची, वस्त्यांची, रस्त्यांची जातीवाचक नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी उदाहरणंच दिलेली होती आणि त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवलेली. म्हणजे सव्वा वर्ष होऊन गेलं होतं आणि आमच्या गावात कुणाला पत्ता नव्हता, किंवा ज्याला होता त्यानं सांगितलं नव्हतं. त्याच्याही आधी "दलित वस्ती सुधार" या योजनेच्या नावातून दलित शब्द काढलेला आहे, तेही मला तेव्हाच कळलं, आमच्या समाजमंदिरावर मात्र अजून तेच रंगवलेलं होतं.

जूनमध्ये गावी गेले तेव्हा तीन प्रिंट काढून नेल्या. ग्रामसेवक भाऊसाहेब आठवड्यातून दोनदा येतात, त्यांना गाठलं. ते म्हणाले असं काही पत्र माझ्याकडं नाही, वरून आलं की बघू. मी प्रिंट पुढं केली, त्यांनी वाचली, परत घडी घालून दिली, म्हणाले अर्ज द्या मग. लिहिला तिथंच बसून, आणि पोच घेतली. हे कुणी करणार असेल त्यांना एवढंच सांगते की पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, शिक्का आणि तारीख दोन्ही बघा, पुढं ती पोचच कामाला येते.

आणि त्या अर्जात मी जी चूक केली ती पण सांगायला पाहिजे, कारण ती मला अजून लागते. आमच्या वस्तीला लागून मातंग समाजाची पंचवीसेक घरं आहेत, गावाच्या कागदावर मांगवाडा. मी त्याच अर्जात लिहून टाकलं की आमच्या वस्तीचं भीमनगर किंवा समतानगर करा आणि त्यांच्या वस्तीचं साठेनगर करा. मला वाटलं एकाच कामात दोन्ही होतील, चांगलंच करतेय मी. चार दिवसांनी तिथले एक मामा, माझ्या वडिलांच्या बरोबरचे, घरी आले, पाणी सुद्धा घेतलं नाही, उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "पोरी, गावानं आमचं नाव ठेवलं तव्हा आमाला विचारलं न्हाई. आता तू बी न्हाई विचारलं." माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत जाऊन तो अर्ज मागं घेतला आणि फक्त आमच्या वस्तीपुरता नवीन दिला, आणि त्यांच्या वस्तीत जाऊन माफी मागितली. मामा म्हणाले आमचं आमी ठरवू, लागलं तर तुला बोलवू. दोन वस्त्यांमध्ये ओढ्यावरची एक फरशी आहे फक्त, लहानपणापासून येणंजाणं आहे, पण त्यांच्यात माझ्या वयाचं कोण काय शिकतंय हे सुद्धा मला नीट माहीत नव्हतं, तेव्हा कळलं.

मग आमच्या वस्तीतच नावाचा प्रश्न आला. विहारात बैठक घेतली, पन्नास-साठ माणसं आली असतील. माझ्या डोक्यात समतानगर पक्कं होतं. माझं म्हणणं असं की नाव असं पाहिजे की पत्ता वाचून कुणालाच काही कळू नये, भीमनगर ठेवलं तर सगळ्यांना कळणारच, मग बदलून उपयोग काय, पुण्यातल्या त्या काकूंना भीमनगर वाचून कळलं नसतं का? दोन-तीन नोकरीवाल्या पोरांना ते पटलं. एकजण तर म्हणाला साधं गणेशनगर ठेवा, सुटला विषय.

तेव्हा आजी उठली. माझी आजी बैठकीत कधी बोलत नाही. तिला १९७८ आठवतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, घरं जाळली, माणसं मारली. आजी तेव्हा माझ्या बापाला कडेवर घेऊन दोन रात्री रानात बसली होती, खाली चिखल, अंगावर पाऊस, पोरगं रडू नये म्हणून तोंडात पदराचा बोळा. आमच्या वस्तीला आग लागली नाही पण शेजारच्या गावाचा धूर दिसत होता म्हणते. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी, त्या दिवशी आजीनं पहिल्यांदा घरी गोड केलं होतं असं वडील सांगतात. ती आजी म्हणाली, "त्या नावापायी लोकायची घरं गेली. आन तू म्हणतीस लपवा. मला पत्ता लपवायचा न्हाई माय, मला त्यो सांगायला लाज वाटू नये एवढंच पाह्यजे."

मी खाली बसले. खरं सांगते, मला आजही वाटतं की माझ्या म्हणण्यात पण तथ्य होतं, रूम मिळणं न मिळणं ही रोजच्या जगण्याची गोष्ट आहे, ती आजीच्या पिढीला भोगावी लागली नाही कारण त्यांना पुण्यात रूम बघायचीच नव्हती. पण बैठकीत हात वर झाले तेव्हा भीमनगरला सगळे होते आणि मी पण केला. रमाईनगर असं पण एका मामींनी सुचवलं होतं, ते मला फार आवडलं होतं, पण त्याला पाच-सहाच हात आले. शेवटी विहाराच्या समोरच्या रस्त्याला रमाई मार्ग म्हणायचं ठरलं.

आता ग्रामसभा. १५ ऑगस्ट २०२२ च्या सभेत आमचा विषय अजेंड्यावरच नव्हता. विचारलं तर म्हणे नोटीस आधीच निघाली होती. २ ऑक्टोबरला विषय होता पण गणपूर्ती झाली नाही. नियम असा आहे की मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल तेवढी हजर पाहिजेत, आमचं मतदान दोन हजाराच्या वर म्हणून १०० पाहिजे होती, आणि वहीवर सह्या झाल्या ४१. सभा तहकूब. तहकूब सभा परत घेतात तेव्हा गणपूर्तीची अट नसते, भाऊसाहेब म्हणाले त्यात घेऊन टाकू, आपलेच वीस लोक आणा, पाच मिनिटांत होईल. घरच्यांना पण वाटलं की घ्यावं उरकून. मला मात्र ते नको होतं. उद्या कुणी म्हटलं असतं की सभेत कुणी नसताना गुपचूप करून घेतलं, आणि मग ते नाव गावानं मानलंच नसतं. मी म्हटलं २६ जानेवारीला घेऊ, भरलेल्या सभेत.

२५ जानेवारी २०२३ ला महिला सभा झाली, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ती घ्यावी लागते. बऱ्याच गावात ती नुसती कागदावर होते, आमच्यात सरपंच ताईंनी खरंच घेतली, अंगणवाडीच्या पटांगणात, चाळीसेक बाया. मी वाचून दाखवलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग माळी गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या, "आमच्या गल्लीचं पण बदला मग, जीआरमध्ये आहे ना? तुमचंच एकट्याचं बदललं तर परत तुमच्यावरच बोट राहील." मला हे सुचलंच नव्हतं. त्या काकूंची आणि माझी ओळख म्हणजे मेथीची जुडी घेताना होती तेवढीच. महिला सभेनं दोन्ही विषय पाठवले.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर लगेच ग्रामसभा. सव्वाशेच्या आसपास सह्या झाल्या, आमच्या वस्तीतलं झाडून सगळं आलं होतं, म्हाताऱ्या माणसांना टू-व्हीलरवर बसवून आणलं होतं. विषय क्रमांक सात. भाऊसाहेबांनी वाचला आणि पारावरून एक आबा उठले, वय सत्तरच्या पुढं, माणूस तसा वाईट नाही, माझ्या वडिलांच्या अडचणीला पैसे दिलेला माणूस. म्हणाले पूर्वापारचं नाव आहे, आम्ही कधी भेदभाव केला का सांगा, उगीच गावात नसलेलं भांडण कशाला उकरता. दोन-चार माना डोलल्या. मागून एक तरुण पोरगा म्हणाला, "जात नको तर सवलत कशाला घेता मग?"

हे येणार हे मला माहीत होतं, पुण्यात दहा वेळा ऐकलंय. मी म्हटलं, जातीचा दाखला माझ्या फायलीत आहे, फॉर्म भरताना मी स्वतः काढून देते आणि परत फायलीत ठेवते. पत्ता मला न विचारता दिसतो. बँकेत दिसतो, दवाखान्यात केसपेपरवर दिसतो, माझ्या भाचीच्या वहीवर पहिल्या पानावर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलाय आणि तिला अजून त्याचा अर्थ माहीत नाही. आणि आबांना म्हटलं, आबा तुम्ही भेदभाव केला असं मी म्हणत नाही, पण तुमच्या पत्त्यावर तुमची जात नाही, "मधली आळी" एवढंच आहे, म्हणून तुम्हाला ते नाव खुपत नाही. आवाज कापत होता माझा. आबा बसले. पटलं म्हणून बसले की काय ते मला माहीत नाही, पण उलटून काही बोलले नाहीत.

मग कुंभार आळीचा विषय निघाला, कुणीतरी म्हणालं मग त्यांचंही बदला. त्यांच्यातले एक दादा म्हणाले आमच्या आळीत अजून चाक फिरतं, ते आमच्या कामाचं नाव आहे, आम्हाला राहू द्या. त्यावर पाच-दहा मिनिटं नुसता गलका. मला विचाराल तर मला दोन्ही बाजू दिसतात. जीआरप्रमाणे बघितलं तर बदलायला पाहिजे, पण जिथं राहणारी माणसंच आमचं राहू द्या म्हणतात तिथं मी कोण सांगणारी, एकदा तोंड भाजलं होतं माझं. सरपंच ताईंनी मिटवलं, म्हणाल्या ज्या वस्तीचा अर्ज आहे त्या वस्तीचं आज घेऊ, बाकीच्यांनी आपापलं ठरवून यावं. भीमनगरचा ठराव झाला, माळी गल्लीचं ज्योतीनगर झालं. सूचक म्हणून माळी गल्लीतल्या त्याच काकूंचं नाव लागलं, अनुमोदक निवृत्त एसटी ड्रायव्हर असलेले आमच्या मोमीन आळीतले चाचा. चाचांनी सही करताना मला विचारलं स्पेलिंग चुकत नाही ना बेटा, भीमची वेलांटी पहिली की दुसरी. दुसरी म्हटलं.

मला वाटलं झालं. पण ठराव म्हणजे निम्मं पण नसतं. ठरावाची नक्कल घेऊन पंचायत समितीत, तिथून पुढं जिल्ह्याला. फेब्रुवारीत आवक नंबर पडला आणि जूनमध्ये फाईल परत. त्रुटी काय, तर ठरावात घर क्रमांक कुठून कुठपर्यंत ते लिहिलेलं नाही आणि जुनं नाव एका ठिकाणी "म. वाडा" असं अर्धंच लिहिलंय. भाऊसाहेबांना ते पूर्ण लिहायला नको वाटलं असेल, मला त्यांचा राग नाही आला, पण चार महिने गेले. १५ ऑगस्ट २०२३ ला दुरुस्ती ठराव, परत नक्कल, परत तालुका. पुण्याहून प्रत्येक खेपेला एक सुट्टी आणि एसटीचं अर्धं तिकीट, महिला सन्मान योजनेमुळं ते तरी अर्धं होतं. टेबलावर गेलं की साहेब मीटिंगला, साहेब आले की संबंधित क्लार्क रजेवर. डिसेंबरमध्ये मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, प्रश्न एकच, अमुक आवक नंबरची फाईल आज कुणाच्या टेबलावर किती दिवसांपासून आहे. तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं. उत्तर एकविसाव्या दिवशी आलं आणि त्याच पत्रात फाईल पुढं पाठवल्याचा जावक नंबर पण होता. मग लोकसभेची आचारसंहिता लागली, मार्च ते जून काही हललं नाही. जुलै २०२४ मध्ये आदेश आला.

आदेशानंतरचा एक दिवस मला सगळ्यात जास्त लक्षात आहे. ग्रामपंचायतीत नमुना ८ चं रजिस्टर असतं, घरांच्या आकारणीचं, त्यात प्रत्येक घरासमोर वस्तीचं नाव. कॉम्प्युटरमध्ये बदल वेगळा होतो, पण जुन्या रजिस्टरला पण दुरुस्ती करावी लागते. भाऊसाहेब म्हणाले तू नंबर वाच, मी मारतो. चौसष्ट घरं. मी घर क्रमांक आणि नाव वाचायचं, ते लाल पेननं जुन्या नावावर आडवी रेघ मारायचे, वर भीमनगर लिहायचे, बाजूला छोटी सही आणि आदेशाचा क्रमांक. काही नावं माणसं जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेली, वारस नोंद केलेली नाही म्हणून अजून तिथंच. माझ्या पणज्याचं नाव आलं तेव्हा मी थांबले. भाऊसाहेबांनी पेन बाजूला ठेवलं, पाण्याची बाटली पुढं केली. दोन तास लागले. दुपारचं जेवण त्यांनी केलं नाही, एवढं मी लिहून ठेवते.

पुढचं मग तुकड्यातुकड्यानं चाललंय. आधारचा पत्ता बदलायला ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र त्यांच्याच ठरलेल्या नमुन्यात लागतं, साध्या लेटरहेडवर चालत नाही, आणि तेव्हा ५० रुपये फी होती. वस्तीत दोन रविवार मी आणि अजून दोघी फॉर्म भरत बसलो. रेशन कार्ड झालं. लाइट बिलावर एक महिना नवीन आलं आणि पुढच्या महिन्यात परत जुनं, तक्रार दिलीय. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मतदार यादीत जुनंच नाव होतं, चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोरानं आमच्या दारात उभं राहून ते वाचलं आणि स्वतःच चपापला. मोबाईलच्या नकाशावर मी तीनदा दुरुस्ती पाठवलीय. शाळेच्या जुन्या दाखल्यांवरचं तसंच राहणार, ते मागच्या तारखेचं असतं म्हणाले. आणि माणसांच्या तोंडातलं, ते काही कुठल्या आदेशानं बदलत नाही. आबा अजून पूर्वीचंच म्हणतात, मग थांबतात, मग "तुमच्याकडं" असं म्हणतात. आजी सुद्धा कधी कधी "वाड्यात" म्हणून जाते.

मागच्या महिन्यात ओढ्यापलीकडचे मामा परत घरी आले. या वेळी बसले, चहा घेतला. त्यांच्यात वर्षभर वाद चालला होता, तरुण पोरं अण्णाभाऊ साठे नगर म्हणत होती आणि जुनी माणसं लहूजींच्या नावावर अडून होती, शेवटी लहूजीनगर ठरलं आणि चौकाला अण्णाभाऊंचं नाव. ग्रामसभेचा ठराव झालाय. मामांनी नक्कल दाखवायला आणली होती, मी घर क्रमांक बघितले, १ ते २७ सगळे लिहिलेले, जुनं नाव पूर्ण लिहिलेलं. एका ठिकाणी तारीख राहिली होती तेवढी सांगितली. म्हणाले तालुक्याला तू येतीस का सोबत, टेबल तुला माहीत आहेत. सोमवारी सकाळी सातची गाडी आहे, रजा टाकलीय.